पदराची फुंकर

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीतही कळलं नाही. त्यानंतर शाळाच सुटली. लेकीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी होती, त्यात लिहिते आहे. कुणी वाचलंच तर चुकांची माफी असावी. तोंडानं सांगायला मला जमत नाही.

आमचं घर नांदेडला. दाराशी पत्र्याच्या खोलीत माझं मिरची कांडपाचं यंत्र आहे. उन्हाळ्यात तिखट करायला बायकांची रांग लागते. लेक तिथंच वाढली. तिखट उडालं की डोळे खाजायचे, रडत माझ्याकडे यायची. मी पदराचा बोळा करायचे, त्यात तोंडानं गरम फुंकर भरायचे आणि डोळ्यावर दाबून गोल गोल चोळायचे. माझ्या आईनं मला असंच केलं होतं. पुढं लेक स्वतःच मनगटानं डोळे चोळायला लागली. अभ्यास करताना, जेवताना. मला त्यात काही वाटलं नाही.

दहावीनंतर तिला क्लाससाठी लातूरला ठेवलं. वर्षभरात चष्म्याचा नंबर तीनदा बदलला. एक दिवस फोनवर म्हणाली, "आई, फळ्यावर एका अक्षराची दोन-दोन दिसून राहिलीत." आमचे मालक, म्हणजे तिचे वडील, ऑटो चालवतात. ते म्हणाले, "मोबाईल पाहून पाहून झालंय." तरी मी दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरली.

लातूरच्या डॉक्टरांनी यंत्रावर डोळ्यांचे रंगीत नकाशे काढले. उजव्या डोळ्याच्या नकाशात खाली लाल ठिपका होता.

"बुबुळावरची काच गोल पाहिजे. हिची पातळ होऊन पुढं टोकदार होत चाललीय. डोळे चोळते का ही?"

"लहानपणापासून," लेक म्हणाली. "आई पदरानं फुंकर मारून चोळायची. त्यानं झालं का?"

"एकाच कशानं झालं असं सांगता येत नाही. पण चोळल्यानं वाढतं. आजपासून बंद."

मी पदर मुठीत धरून बसले होते. तो सोडावा का धरावा, कळेना.

डॉक्टरांनी सांगितलं, लेसरनं काचेचा वरचा उंचसखलपणा थोडा सारखा करायचा. मग लगेच, त्याच बैठकीत, पिवळं औषध टाकून डोळ्यावर विशिष्ट उजेड सोडायचा, म्हणजे काच घट्ट होते. कच्च्या मडक्यावरून कुंभार आधी हात फिरवतो आणि मग भाजतो, तसं मी समजून घेतलं. चष्मा जाणार नव्हता. आजार थांबावा आणि चष्म्यातून जरा नीट दिसावं, एवढ्यासाठीच होतं. "लवकर आलात. अजून पातळ झाली असती तर लेसर करता आलं नसतं," ते म्हणाले. डाव्या डोळ्यावर नुसती नजर ठेवायची होती.

एवढे पैसे घरात नव्हते. आमच्या बचत गटाचा नियम असा, की कर्ज मागणारीनं स्वतः उभं राहून कारण सांगायचं. सात वर्षांत मी हजेरीला "हाय" सोडून काही बोलले नव्हते. उभी राहिले आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिले.

"बोल की माय, तोंडात तिखट भरलं का?" अध्यक्षबाई म्हणाल्या. सगळ्या हसल्या.

"लेकीचा डोळा चाललाय," मी म्हणाले आणि तिथंच रडले.

मागून कुणीतरी कुजबुजलं, "चारचौघींत कशाला सांगायचं? उद्या सोयरीक यायची न्हाई."

"गप गं!" अध्यक्षबाई ओरडल्या. "आधी डोळा राहू दे."

गटानं कर्ज दिलं. ऑपरेशन जागेपणीच झालं. तासाभरानं लेक बाहेर आली, डोळ्यावर प्लास्टिकची वाटी चिकटवलेली. तिच्या लातूरच्या खोलीवर मी आठवडाभर राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी औषधाचा जोर उतरला. डोळ्यात वाळू भरल्यासारखं होतंय म्हणून ती भिंतीला पाय मारायला लागली. हात सारखा वाटीकडे जायचा. मी दोन्ही मनगटं धरून ठेवली. एवढी मोठी पोरगी, पण लहान असल्यासारखी म्हणाली, "आई, फुंकर मार ना."

"न्हाई, बाळा."

"एकदाच. वरून वरून."

मी पदर कमरेला खोचला, गाठ मारली आणि परत तिचे हात धरले. ती मला दुष्ट म्हणाली. मी ऐकून घेतलं. सोळा वर्षं ज्या हातांनी तिला बरं वाटायचं, ते हात मला विळ्यासारखे दिसत होते.

दुखणं चार दिवसांत गेलं, पण धुकं गेलं नाही. महिनाभर त्या डोळ्यानं आधीपेक्षाही कमी दिसत होतं. डॉक्टर म्हणायचे, वेळ लागतो. मला वाटायचं, त्या डोळ्याची उरलेली नजरही मीच पैसे देऊन घालवली. जेवण उतरायचं नाही.

यंत्र बंद करता येत नव्हतं, गटाचा हप्ता त्यातूनच जायचा. मिरचीच्या दिवसांत लेकीला घरी यायला मीच बंदी घातली. ती फोनवर रडायची, "मला घर न्हाई का?" मी म्हणायचे, "हाय, पण तिखट उडून राहिलं."

सहा महिन्यांनी परत नकाशा काढला. दोन्ही कागद डॉक्टरांनी शेजारी ठेवले. लाल ठिपका वाढला नव्हता. नव्या चष्म्यातून लेकीनं तक्त्यावरची खालून दुसरी ओळ वाचली, अडखळत. डॉक्टर म्हणाले, "थांबलंय असं दिसतंय. तपासणी सोडू नका." आनंदही भीतभीतच झाला.

मागच्या सोमवारी गटात शेवटचा हप्ता भरला. अध्यक्षबाईंनी विचारायच्या आधीच मी उभी राहिले आणि म्हणाले, "लेकीचा डोळा हाय." त्यांनी माझ्या पानावर आडवी रेघ मारली. पैसे पूर्ण फिटले.