माझा पहिला सरळ गेलेला चेंडू

गोल्फचा चेंडू जागचा हलत नाही, ही मला त्या खेळातली सगळ्यात संतापजनक गोष्ट वाटते. क्रिकेटमध्ये चेंडू अंगावर येतो. चुकला तर बोलरला नावं ठेवता येतात, खेळपट्टीला ठेवता येतात. इथे तो कोंबडीने घालून ठेवल्यासारखा समोर बसलेला असतो, आणि तरी चुकतो! दोष द्यायला माणूसच नाही. (घरचे सोडून. त्यांच्याकडे येतेच.)

मुळात मला गोल्फ शिकायचाच नव्हता. आमच्या ऑफिसात हिवाळ्यात अधिकाऱ्यांसाठी गोल्फची एक सकाळ ठेवायचं निघालं, तेव्हा माझ्या शेजारच्या केबिनमधले खुराना साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "वंदना मॅडम के लिए अंताक्षरी रख लेते हैं!" झालं. मी तिथल्या तिथे नाव दिलं. शाळेत असताना गोळाफेकीत मी जिल्ह्यात दुसरी आले होते, हे त्या माणसाला कुठे ठाऊक! (स्पर्धेत आम्ही दोघीच होतो, पण ते सोडा.)

रविवारी सकाळी गुडगावच्या एका रेंजवर शिकवणी ठरली. जायचं होतं मला एकटीला. पण दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या आमच्या सरकारी क्वार्टरमधून कधी कुणी एकटं बाहेर पडलंय? "गाडी कोण चालवणार?" म्हणत नवरा निघाला. (गाडी मीच चालवली.) नागपूरहून आलेली नणंद पुष्पा चिवड्याचा डबा घेऊन निघाली. मुलगी तन्वी म्हणाली, "मी व्हिडिओ काढते, आई. मेमरी होईल." झालीच!

रेंज म्हणजे लांबलचक हिरवळ, दूरवर नेम धरायला रोवलेला एक लाल झेंडा. तिच्या एका टोकाला छपराखाली ओटा, आणि ओट्यावर रांगेत उभं राहून लोक हिरवळीवर चेंडू मारत असतात. मारलेले चेंडू आणायला कुणीही जात नाही. नंतर जाळी लावलेली एक गाडी फिरते आणि सगळे गोळा करते. हे मी तुम्हाला सांगितलं. मिलिंदला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, कुणी सांगितलं नव्हतं.

आमचे कोच त्यागी सर म्हणाले, "मॅडम, पूरा गेम एक ही चीज़ का है. सर नीचे! नज़र बॉल पर. दुनिया इधर की उधर हो जाए, आपका सर नहीं उठेगा." (हिंदीतलं सर, म्हणजे डोकं. हे नीट लक्षात ठेवा. आमच्या घरात एकाने ठेवलं नाही.)

मी काठी फिरवली. हवा कापली गेली. पुन्हा फिरवली. चटईला लागली आणि माझे दात वाजले.

"वहिनी, जरा रागाने मारा ना!" मागून पुष्पा.

"आई, झाडू मारल्यासारखं दिसतंय यार!"

"वंदना, पाय जवळ घे. अजून जवळ."

"मिलिंद, तू कधी खेळलायस?"

"नाही, पण दिसतंय ना!"

या भडिमारात मी तिसऱ्यांदा काठी फिरवली. चेंडू घरंगळत ओट्याच्या कडेला गेला आणि टुपकन खाली हिरवळीवर पडला.

"अरेरे, पडला की!" मिलिंद कळवळला.

"सर नीचे! सर नीचे!" त्यागी सर ओरडले.

मी दुसरा चेंडू ठेवला आणि डोकं खाली घातलं. मिलिंदला वाटलं, त्यालाच सांगताहेत. दिल्लीत भाजीवाल्यापासून बँकेपर्यंत सगळे त्याला 'सर'च म्हणतात, त्यात त्याचा काय दोष? (दोष आहे. पुढे ऐका.) "जी, जाता हूँ," म्हणत तो ओट्यावरून खाली उतरला. नेमका तेव्हाच त्यागी सरांचा फोन वाजला आणि ते पाठ फिरवून बोलू लागले.

पुढचं मी स्वतः पाहिलेलं नाही. माझं सर नीचे होतं! नंतर व्हिडिओत पाहिलं. मिलिंदने आमचा चेंडू उचलला. मग त्याला दुसरा दिसला. मग सबंध मैदानच दिसलं! लोक चेंडू टाकून देताहेत आणि कुणी उचलत नाही, हे त्याला बघवेना. डोक्यावरची कानटोपी काढून तो त्यात चेंडू भरू लागला.

"दादा, तो बघ, पुढे अजून एक!" सख्खी बहीण त्याला ओट्यावरून दिशा देत होती.

भोंगा वाजला. "रुको! रुको! आगे आदमी है!" ओरडा झाला. सगळ्यांच्या काठ्या थांबल्या. मी म्हटलं, वंदना, दुनिया इधर की उधर होते आहे. हीच ती परीक्षा. आता डोकं वर नाही! आणि मी काठी फिरवली.

टक्!

काय आवाज होता तो! हाताला धक्का नाही, दातांना नाही. चेंडू सणसणत निघाला, रेघ मारल्यासारखा सरळ. आणि त्या रेघेच्या दुसऱ्या टोकाला मिलिंद आमच्याकडे पाठ करून वाकला होता.

तो केवढ्याने ओरडला! टोपीतले सगळे चेंडू पुन्हा हिरवळीवर. गार्ड धावले, पुष्पाच्या हातून चिवडा सांडला. टाळी मात्र एकानेही वाजवली नाही! मॅनेजर आले आणि मला म्हणाले, "हज़्बंड हैं आपके?"

"जी."

"तो मॅडम, घर पे बात कर लेतीं!"

त्यागी सर तेवढे पुटपुटले, "शॉट तो परफेक्ट था..." पण तेसुद्धा लांबूनच.

मिलिंद परतीच्या वाटेवर गाडीत गुडघ्यांवर बसून आला. "हिने नेम धरून मारलं," तो म्हणाला.

"नेम? किसका नेम?" तन्वीने विचारलं. (दिल्लीत वाढलेली पोरं!)

घरी पोचायच्या आत व्हिडिओ नागपूरला पोचला होता. दिराचा फोन आला. "जय भीम, वहिनी! तुमचं काही बिनसलं होतं का?" तिथून तो आमच्या ऑफिसातही पोचला, आणि सोमवारपासून खुराना साहेब माझ्याशी बोलताना फाइलींच्या कपाटाआड उभे राहतात. आणि मिलिंद, जो सध्या जेवतो उभ्याने, येईल त्याला सांगतो, "हिचा नेम बघा!"

मी शपथेवर सांगते, मी नेम दूरच्या लाल झेंड्यावर धरला होता. जरा विचार करा ना! मी मिलिंदवर नेम धरला असता, तर तो चेंडू मिलिंदला लागला असता का?