सातव्या विहिरीतून हाक आली नाही

एर्सीलियाइतकी भित्री बाई आनिएने नदीच्या खोऱ्यात दुसरी झाली नाही. हे मी तिच्या तोंडावर शंभरदा म्हटलंय, तेव्हा लिहायला हरकत नाही. स्वतःच्या तळघरातून वाइनची बाटली आणायची, तर ही पहिल्या पायरीवर छातीवर क्रूस काढायची, शेवटच्या पायरीवर पुन्हा काढायची, आणि मधल्या पायऱ्या नवऱ्याशी मोठमोठ्यानं भांडत उतरायची. सोबत आहे असं वाटावं म्हणून. नवरा त्या वेळी शेतात असला तरी भांडण चालूच. एकदा तळघरात मांजर शिंकलं, तर बाई बाटलीसकट थेट चौकात. पण मांजराचं राहू दे, मला पाटाचं सांगायचंय.

रोमन बादशहांनी आमच्या डोंगराच्या पोटातून भुयारी पाट खणला आणि आमचं पाणी शहराला पाजलं. आम्हाला थेंब नाही. बादशहा गेले, पाट पुढे ढासळला, आमच्या वाट्याचा तुकडा तेवढा उरला. त्यावर गावातले भाजीचे वाफे अजून भिजतात. हिवाळाभर पाणी बंद असतं, ते ईस्टरनंतरच्या सोमवारी सोडायचं. त्याआधी झऱ्यापासून गावच्या कारंज्यापर्यंत कुणीतरी पाट चालून बघायचा, आत घुसलेली मुळं तोडायची, पडलेले दगड फोडून बाजूला सारायचे. एकजण खालून, दोघं वरून. सकाळी निघायचं आणि चारच्या आत बाहेर यायचं, कारण चारला चर्चची घंटा झाली की झऱ्यावरचा म्हातारा नात्सारेनो पाणी अडवणारी फळी उचलतो. आत कोण आहे नि कोण नाही, हे बघायला तो कशाला येतोय?

डोंगराखालच्या टप्प्यात अकरा उभ्या विहिरी आहेत, खणणाऱ्यांनी माती वर काढायला पाडलेल्या. प्रत्येकीवर दगडी झाकण. वरच्यांनी पहारीनं झाकण सरकवायचं, खालचा उजेडात येऊन हाक देतो, मग मेंढ्या पडू नयेत म्हणून झाकण परत लावायचं आणि पुढची विहीर गाठायची. आणखी एक नियम होता. पाटात कुणी कुणाचं नाव घ्यायचं नाही. रोमनांचा एक गवंडी खाली राहून गेलाय, तो दिवा घेऊन फिरतो आणि माणसांना नावानं बोलावतो. ओ दिली की आटोपलं. म्हणून एर्सीलियाचा नवरा क्विरीनो खालून नुसता ओरडायचा, "ए वरच्यांनो, मेलात का?" आणि एर्सीलिया उत्तर द्यायची, "तुझ्याआधी नाही." सोळा वर्षं हेच चाललं होतं. पहार धरायला मी, बेरार्दो, त्यांचा शेजारी.

ज्या वर्षाची गोष्ट, त्या वर्षी सहाव्या विहिरीपर्यंत सगळं सुरळीत होतं. सहावीत आम्ही दोरीनं पाव आणि चीज सोडलं. चीज कमी आहे म्हणून त्यानं खालून सासूचा उद्धार केला. झाकण लावून आम्ही सातवीला गेलो, शिळा सरकवली आणि बसलो.

हाक येईना. मुळं तोडत असेल, मी म्हटलं. काठावर गुडघे टेकून एर्सीलिया खाली बघत होती. विहिरीतून गार वारा येत होता आणि बाकी काही नाही, कुऱ्हाडीचा आवाजसुद्धा नाही. मी घड्याळ पाहिलं तर अडीच वाजून गेले होते. झऱ्याकडे पळत जावं तर दीड तासाची चढण, म्हणजे घंटेच्या आधी पोचणं अशक्य.

मी आत उतरायला गेलो आणि खांद्यांपाशी अडकलो. तेव्हाही मी दीड माणूस होतो. एर्सीलियानं मला कोटाला धरून ओढून काढलं, जादा दिवा पेटवला, दोरी कमरेला बांधली. तिचे दात वाजत होते, मला स्वच्छ ऐकू येत होते. मी म्हटलं, गावातून कुणाला तरी आणतो. ती म्हणाली, "गाव पाण्याची वाट बघत कारंज्यावर वाटाणे सोलतंय. दोरी धर."

भिंतीतल्या खोबणींत पाय देत ती उतरली. क्रूस काढायला हात मोकळा नव्हता, म्हणून सबंध वेळ ती मोठ्यानं प्रार्थना म्हणत होती. मग दोरी सोडून ती सहावीच्या दिशेनं गेली, आवाज बारीक होत होत विझला, आणि मी त्या भोकापाशी एकटा. आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो. सैन्यात असतानासुद्धा नाही. ती गोष्ट वेगळी आहे, पुन्हा कधी.

बऱ्याच वेळानं ती परत विहिरीच्या तळाशी आली. वर बघून म्हणाली, "टोपी सापडली. दिवा फुटलाय. माणूस नाही. गाळात पावलं आहेत, ती उलटी गेलीत. झऱ्याकडे."

काय झालं असेल ते तिथंच कळलं. मुळांत पाय अडकून तो पडला, डोकं आपटलं, दिवा गेला. उठला तो उलट्या तोंडानं. कोरड्या पाटात अंधारात वर कुठलं नि खाली कुठलं? आणि आम्ही तर मागची सगळी झाकणं लावत आलेलो. झाकणाखाली उभा राहून तो हाका मारत असेल आणि वर फक्त मेंढ्या. असा तो सरळ पाण्याच्या तोंडात चालला होता. तिसरीच्या अलीकडे छत इतकं उतरलंय की पाणी सुटलं की वीतभर हवा उरत नाही.

"मी खालून जाते. तू वरून उघडत ये," ती म्हणाली आणि गेली.

मी सहावी उघडली, पाचवी उघडली. एरवी शिळा हलवायला दोघं लागतात. पाचवीतून दिवा सरकताना दिसला, पण तिनं वर पाहिलं नाही. चौथी उघडली आणि पोटावर पडून कान लावला. ती हाका मारत होती, "क्विरीनो! क्विरीनो!" नाव घेऊन! बिचारी नियमच विसरली होती. उत्तर नाही, मात्र पलीकडे कुणीतरी घाईघाईनं सरपटत होतं. तो तिच्यापासून पळत होता. मागून दिवा येतोय, नावानं बोलावतोय, त्याच्या लेखी तो गवंडीच. ती जितकी जोरात हाक मारी, तितका हा जोरात पुढे.

मी वरून ओरडलो, नाव घेऊ नकोस, तू गवंड्याचं भूत आहेस असं वाटतंय त्याला.

मग एर्सीलियाचा तळघरातला आवाज लागला. "अरे गाढवा, थांब! तुझ्या आईला सूप कधी जमलं नाही आणि पोरगाही धड जमला नाही! नवी विजार फाडलीस ना? मी नाही शिवणार!"

सरपटणं थांबलं. खूप लांबून, रडक्या आवाजात क्विरीनो म्हणाला, "आईचं नाव काढू नकोस."

तेवढ्यात चारची घंटा झाली.

ती दोघं चौथीच्या उजेडात आली तेव्हा तो चिखलानं माखलेला, कपाळातून रक्त. मी दोरी सोडली. आता आधी कुणी वर यायचं यावर तिथं वाद! तो म्हणे तू, ती म्हणे तुझं डोकं फुटलंय. मी ओरडून ओरडून थकलो. मग आतून वारा आला, कुजक्या पानांच्या वासाचा, आणि त्यामागून दगड घरंगळत यावेत तसा आवाज. क्विरीनोनं दोरीचा फास तिच्या काखेत अडकवला, मी ओढलं. तो खोबणीत पाय देत मागून चढला. त्याचा एक बूट पाण्यानं नेला. त्यानंतर आम्ही तिघंही गवतावर पडून होतो, आणि एर्सीलिया त्याला दोन्ही हातांनी मारत होती, दमेपर्यंत.

पुढच्या वर्षी ती म्हणाली, खाली मी जाणार. चौकात सगळे हसले. ती म्हणाली, "वर बसून वाट बघणं मला पुन्हा जमायचं नाही. खाली काय, अंधारच असतो."

तेव्हापासून वर क्विरीनो. पहिल्या वर्षी त्यानं मला एकही झाकण लावू दिलं नाही. मेंढपाळ आबोन्दियोची मेंढी आत पडली तरी नाही. प्रत्येक विहिरीपाशी तो दोरी दोन्ही मुठींत घट्ट धरून बसे, दोरीला खाली काहीच बांधलेलं नसताना. कारंज्यापाशी एर्सीलिया भुयारातून बाहेर आली, केसांत कोळिष्टकं. सगळं गाव वाटाणे आणि चीज घेऊन बसलं होतं. क्विरीनोच्या घशाखाली घास उतरेना. तिनं त्याचंही ताट पुढे ओढलं आणि दोन माणसांचं जेवली.