शीलाच्या कोपराची उंची

चार महिने झाले तरी आठांपैकी एकाही घराचं कुलूप उघडायला माणूस मिळाला नव्हता.

ओमानमधल्या दुक्मच्या उघड्या माळावर अर्बाबचा, म्हणजे अरब मालकाचा, हा दुमजली सांगाडा कित्येक वर्षं वारा खात उभा होता. प्लंबर भिकाजीने चोवीस वर्षांची कमाई त्यात ओतली. नळ, मोऱ्या, ओटे स्वतःच्या हाताने केले. पाच वर्षं अर्बाबला ठरलेलं भाडं द्यायचं, वरचं ते आपलं. मस्कतपेक्षा निम्म्या भाड्यात घर म्हटल्यावर प्रोजेक्टवरची माणसं बायकामुलं आणणारच, हा त्याचा हिशेब. दारावर पाटी लावली : फक्त फॅमिली. आठवं घर मात्र त्याने मनातून बायकोसाठी, शीलासाठी धरलं होतं.

गावच्या घरातला ओटा त्याच्या ताडमाड बापाने बांधलेला. शीला त्यापाशी लग्नापासून पाटावर उभी राहून भाकऱ्या थापायची. मागच्या रजेत भिकाजीने सुतळी घेऊन तिच्या कोपरापर्यंतची उंची मापली होती. ती हसली होती, "माजा माप कित्याक? तिरडी बांधतास काय?" त्या सुतळीवर त्याने आठही ओटे बसवले.

एकदा एका इंजिनियरची बायको, वैशाली, मस्कतजवळच्या सीबहून घर बघायला आली. ओट्यावरून हात फिरवत म्हणाली, "अगदी माझ्या हाताला आलाय हो. पण काका, दिवसभर मी इथे बोलू कुणाशी?" भिकाजीने खिडकीबाहेर पाहिलं. वाळू, टँकर, बाप्ये.

शेवटी जैनुद्दीन आला. रत्नागिरीचा, कॅम्पला माणसं पुरवणारा, वीस वर्षांचा दोस्त.

"भिकाजीभाई, चाळीस माणसं आहेत. आठही घरं घेतो, आजच. पाटी काढ."

"सात घे. एक ठेव माका."

"कंपनीला अख्खी बिल्डिंग हवी. आणि ते ओटे वीतभर वर घे. माझे पठाण आचारी साडेसहा फुटी, कंबरेत मोडतील. कोणी बांधले रे हे, बाहुल्यांसाठी?"

भिकाजी हसला नाही. अर्बाबला भाड्यापोटी दिलेला चेक चार दिवसांत वटायचा होता. त्याने गावी फोन लावला.

"शीला, आठव्या घराचा काय करू? तू येतलंस मा?"

पलीकडे पंखा घरघरत होता.

"तुमच्या म्हातारीक कोण बघतला? अंथरुणात आसा ती. मी दर वर्सा येतंय म्हणतंय, ता तुमका बरा वाटाचा म्हणान. फोडा तो ओटो."

"तुज्या मापाचो आसा गो."

"म्हायत आसा माका. पन एक सांगा. चोवीस वर्सा मी हय पाटार उबी आसय. रजेर येतास, शेजाऱ्यांचे नळ दुरुस्त करतास. हयलो ओटो कधी खालती करतलास?"

भिकाजीच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. बापाचा ओटा होता तो; त्याला हात लावायचा असतो, असं त्या घरात कुणाला वाटलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पाटी उतरवली. छिन्नी घेतली आणि पहिला आठव्या घरातलाच ओटा फोडला. खिशातली सुतळी काढली, तिच्यावर बसलेली सिमेंटची धूळ फुंकली, नीट गुंडाळली, आणि रजेवर न्यायच्या बॅगेत पासपोर्टखाली ठेवली.