बिरू आप्पांची कातर

बिरू आप्पा आमच्या शिरूरच्या घरी पहिल्यांदा आले ते मेंढ्या कातरायची लोखंडी कातर घेऊन. दारातच म्हणाले, "ही उकळत्या पाण्यात टाका. पेशंट कुठं हाय?" लग्नाचे मांडव माईकवर गाजवणारा मी माणूस, पण मुकाट्यानं पातेलं शोधायला गेलो.

आप्पा दौंडकडचे. मेंढपाळाच्या घरात जन्मले. पुढं मेंढ्या गेल्या, ऊस आला, तंबाखू मात्र राहिली. तिनं तोंडात कॅन्सर केला. ऑपरेशनमध्ये डावा जबडा गेला, आप्पा वाचले. तेव्हापासून दौंड-शिरूर भागात कुणाची केमो सुरू झाल्याचं कळलं, की मोटारसायकलला किक मारून हजर. अंगारा नाही, औषध नाही. केस गळायच्या आत ते कापून द्यायचे, एवढंच काम. "गळालं की चोरी झाल्यावानी वाटतं," ते म्हणत, "आपल्या हातानं दिलं की दान."

आमच्याकडे त्यांना उशीरच झाला होता. पहिल्या केमोनंतर सुनंदाच्या, माझ्या बायकोच्या, उशीवर केसांचे पुंजके दिसायला लागले आणि तिनं जाहीर केलं, "दुसरीला मी येणार नाही." मी समजावलं, रागावलो, शेवटी हात जोडून तिच्यापुढं गुडघ्यावर बसलो. ती म्हणाली, "उठा, पँट मळेल." माझे सगळे प्रयोग तिथं संपले.

आप्पांनी तिला अंगणात पाटावर बसवलं.

"आप्पा, ही मेंढ्यांची कातर ना?"

"व्हय वैनी. पर आजवर एका मेंढीनं तक्रार केली न्हाई."

मग ते बोलत सुटले. अर्धा जबडा नसलेला माणूस, निम्मे शब्द गालातच राहायचे. कुठली मेंढी लबाड, कुठली सारखी चुकायची, कुठल्या एडक्यानं पाहुण्याला ओढ्यात ढकललं. "वर्षातनं दोनदा कातरायची. लोकर दोनदा जाती, दोनदा येती. मेंढी कवा रडत बसत न्हाई." सुनंदा हसली तेव्हा तिची वेणी खाली पडलेली होती. तिला ते कळलंच नाही.

जाताना मी म्हणालो, "आप्पा, किती बोलता हो."

"माईकवालं, तुमी मला सांगताय?" ते म्हणाले. "कातर चालती तवर त्वांड चालू ठिवायचं. आवाज थांबला की जनावर बिचकतं, आन् मग लागतं. दुसरं, बरी होशील असं म्हणायचं न्हाई. त्ये डाक्टरबी म्हणत न्हाईत, आपुन कोण?"

सुनंदानं सगळ्या केमो घेतल्या. केस परत आले ते कुरळे. आप्पांनी ते दुरूनच न्याहाळले. "बगा, मेंढीच झाली," म्हणाले.

यंदा आप्पांचा कॅन्सर उलटला. या वेळी जीभ. ऑपरेशनला जागा नव्हती. आम्ही दौंडला गेलो तेव्हा गळ्यात नळी होती, आणि गावोगाव बोलत फिरलेल्या माणसाचा आवाज गेला होता. डोक्यावर केस तर कधीचेच नव्हते. त्यांच्यासाठी कातरण्यासारखं काही उरलं नव्हतं. सुनंदा पायाशी बसली. मी उशाशी बसलो आणि माझ्या तोंडून निघालं, "आप्पा, बरे व्हाल."

त्यांनी भिंतीकडं तोंड फिरवलं.

नको ते बोललो होतो. आता काय बोलायचं? खोलीत नळीतल्या श्वासाचा तेवढा आवाज. त्यांचा हात चादरीवर चाळवायला लागला. मला मेंढ्यांतलं ओ की ठो कळत नाही, तरी सुरू केलं. लबाड मेंढी, चुकणारी मेंढी, एडका, ओढा, पाहुणा. आठवेल तसं, चुकीचं, उलटसुलट. हात शांत झाला. मग मला जरा खोडी सुचली. म्हणालो, "आणि वर्षातनं तीनदा कातरायची, नाही का आप्पा?"

मान वळली. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, असल्या अडाण्याकडं पाहावं तसं, आणि दोन बोटं वर केली.

त्यानंतर मी दर रविवारी दौंडला जायचो आणि दर रविवारी तीच चूक करायचो. दर रविवारी दोन बोटं.

शेवटच्या रविवारी म्हणालो, "तीनदा ना आप्पा?" बोटं उठली नाहीत. डोळे मिटलेले होते, श्वास चालू होता. पुन्हा विचारलं. सुनंदानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. पण कातर अजून चालत होती. मी एडक्याची गोष्ट पहिल्यापासून सुरू केली.