पाळण्यावरचं नाव

मंडळी, लाकूड घासायला बेल्ट सँडर घ्यावा की गोल फिरणारा, असं ग्रुपवर सारखं विचारता. जुन्या लाकडाला गोलच बरा, वरचा थर हलका निघतो. बेल्ट लाकूड खातो. आज एकाला खाणाराच हवा होता.

सकाळी येडशीहून एक काका सागवानी पाळणा घेऊन माझ्या दुकानात आले. सोबत त्यांची थोरली बहीण, आक्का. साठच्या दशकात त्या दोघांच्या वडिलांनी आक्कांच्या मुलीसाठी केलेला हा पाळणा. फळीवर खोल कोरलेलं नाव, सुमन. पोर तान्ही असतानाच गेली. सासरच्यांनी आक्कांना पाळण्यासकट माहेरी धाडलं, ते कायमचंच.

आता काकांना पणतू झालाय. म्हणाले, "नावाची खूणसुद्धा राहू देऊ नका."

आक्का पुढं झाल्या. "थांब रं, एकदा हात फिरवू दे."

"नगं. तुझ्या हातानंच रिकामा झालाय त्यो."

मी मशीनची पिन काढली. "काका, हे काम मी करणार नाही."

"दुकानं लई हायेत," म्हणत त्यांनी पाळणा समोरच्या दुकानात नेला. आक्का माझ्याकडंच बसून राहिल्या. थोड्या वेळानं तिकडून बेल्टचा आवाज सुरू झाला.

"लई येळ लागतो का?" आक्कांनी विचारलं.

"न्हाई आक्का. लगेच होतं."

मग आवाज थांबला आणि काकांनी बाहेरूनच त्यांना हाक मारली.

तेव्हापासून एकच विचार डोक्यात आहे. काम मी घेतलं असतं, तर आधी त्यांना हात तरी फिरवू दिला असता. नकार देऊन मी कुणाचं भलं केलं, सांगा.