पत्र्याची खोली

दहावीला तालुक्यात पहिली आले आणि मला न विचारताच माझं लातूरला जायचं ठरलं. वडील मुखेडला शाळेत मास्तर. त्यांनी माझी ट्रंक एसटीच्या टपावर चढवली, मला क्लासजवळच्या एका मावशीकडं खोली बघून दिली आणि संध्याकाळच्या गाडीनं ते परत गेले.

लातूर मला पहिल्या दिवसापासून स्वस्थ बसू देईना. ते स्वतः तरी कुठं स्वस्थ होतं? पहाटेपासून सायकली एका क्लासवरून दुसऱ्या क्लासला धावायच्या. रसवंतीवालासुद्धा ग्लास पुढं करत विचारायचा, "टेस्टला किती पडले?" बाजारातल्या गोलाईतून फुटणाऱ्या कुठल्याही रस्त्याला लागा, भिंतींवर मेडिकलला लागलेल्यांचे फोटो. हे शहर आपल्यावर डोळा ठेवून आहे, असं वाटायचं.

मावशीचं गाव किल्लारीच्या बाजूला. भूकंपात तिची सासू आणि धाकटी जाऊ घराखाली गेल्या. मग ती नवऱ्यासोबत लातूरला आली. इथं खोल्या बांधल्या, पण वर स्लॅब पडू दिला नाही. पत्रेच घातले. "पत्रा पडला तर डोस्कं फुटंल, जीव तर न्हाई जायचा," म्हणायची.

मार्चमध्ये ते पत्रे तापले. डोक्यावर ओला टॉवेल घेऊन मी गणितं सोडवायची, तरी मार्क घसरत गेले. वर्गातल्या एकीनं तिच्या इमारतीतली खोली दाखवली. तिसरा मजला, स्लॅब, कूलर. मावशी भाकरी थापत होती, तेव्हा मी सांगून टाकलं की पुढच्या महिन्यात जाते. "बरं," एवढंच म्हणाली ती.

त्याच आठवड्यात, दुपारी, टेस्ट चालू असताना बाक हलला. मला वाटलं, मागच्या बाकावरची पाय हलवतेय. मग काचा थरथरल्या, कुणीतरी किंचाळलं आणि सगळे जिन्यावर. थोड्या वेळानं सर म्हणाले, "थांबलंय. चला वर, अर्धा तास बाकी आहे." पोरं खरंच परत चढायला लागली. मीही दोन पायऱ्या चढले. मग मावशी आठवली आणि मी घराकडं पळाले.

दाराला कडी. शेजारीण म्हणाली, "ती तर तुझ्या क्लासकडंच पळत गेली. अनवाणी!"

मी उलट पावली पळाले. क्लासच्या फाटकात मावशी वॉचमनशी भांडत होती. "माझी पोर हाय वर! सोड मला!" मला बघताच त्याला सोडून माझ्याकडं आली. मग दंड धरून ओरडली, "कुठं गेली व्हतीस? तुझ्या बापाला मी काय सांगू?"

दिवस मावळेपर्यंत आम्ही दोघी समोरच्या मैदानात बसून राहिलो. डांबरानं तिचे तळपाय भाजले होते. मी म्हटलं, "मावशी, मी कुठं जात नाही. इथंच राहते."

आठ दिवसांनी टेस्टचा निकाल लागला. माझा अर्धा पेपर कोरा होता. मी खोली बदललीच.

ट्रंकेची एक कडी मावशीनंच धरली आणि तीन मजले चढली. वर येऊन छताकडं कितीतरी वेळ बघत राहिली. "दाराजवळ निजत जा," म्हणाली आणि खाली उतरली. मी लगेच पुस्तक उघडलं. एकही ओळ डोक्यात शिरेना.

मेडिकल मिळालं नाहीच. आता नांदेडला मी अशाच एका क्लासमध्ये शिकवते. आईबाप विचारतात, "मॅडम, लेकरासाठी चांगली खोली सांगा की." मी सांगते.

लातूरला कामानिमित्त जाणं होतं. मागच्या खेपेला मावशीच्या गल्लीपर्यंत गेले. वीसेक पावलं आत गेले असेन. कुणीतरी बाई दारात पाणी टाकत होती, पाठमोरी. मावशीच असावी, नसावीही. मी तिथूनच वळले आणि रिक्षाला हात केला.

"कुठं जायचं, ताई?"

"स्टँडला," मी म्हणाले. "जरा लवकर."