रोजचं वाक्य

चिमूटभर तपकीर ओढायची, बोटं टेबलाच्या कडेला पुसायची आणि म्हणायचं, "करेक्ट. टाळ्या." सातपूरच्या आमच्या इंग्रजी क्लासचे सर आठवले की आधी हेच आठवतं. त्या टेबलाला हात लावायचीही मला शिसारी यायची. पुढे माणसाचीच यायला लागली.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. जरा इंग्रजी बोलता येणाऱ्याला कंपनीत ऑफिसचं काम मिळायचं. म्हणून पहिली शिफ्ट सुटली की आम्ही पॅकिंगमधल्या बायका आणि मशीनवरची पोरं पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत जमायचो. खालून पीठ उडायचं आणि वर तपकीर.

सर शिकवायचे साधा वर्तमानकाळ. महिनोन्महिने तोच. "सोपं आहे हो, रोज जे घडतं ते बोला." आम्ही बापडे बोलायचो, मी लवकर उठते, मी चहा करते. वाक्य बरोबर आलं की सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, असा क्लासचा नियम होता. पण आमच्या चहाने सरांचं समाधान होईना. घरातलं सांगा म्हणायचे, सासू काय बोलते, बाप काय करतो. एका पोराकडून त्यांनी "माय फादर ड्रिंक्स" वदवून घेतलं आणि पोट धरून हसले. पोरगं मान खाली घालून टाळ्या ऐकत राहिलं. तुम्हीही असे मास्तर पाहिले असतील, शिकवता शिकवता दुसऱ्याच्या घरात डोकावणारे.

माझ्याशेजारी पॅकिंगमधलीच सुमन बसायची. कंपनीत टेलिफोनवर बसायची जागा निघाली होती, ती तिला हवी होती. ती मिळाली तर नवऱ्याच्या घरातून निघता येईल, असं एकदा म्हणाली होती. का, ते तिने सांगितलं नाही. भर उन्हाळ्यातही ती लांब बाह्यांचा ब्लाउज घालायची, आणि आम्ही बायका त्याबद्दल काही विचारायचो नाही.

एका संध्याकाळी सरांनी तिच्याकडे बोट केलं. "हां, तुमचे मिस्टर रोज काय करतात?" स्वर अगदी लाडाचा. पोरं आधीच हसायला लागली.

सुमन उभी राहिली आणि सावकाश, न चुकता म्हणाली, "माय हजबंड बीट्स मी एव्हरी डे."

सरांनी तपकीर ओढली. "करेक्ट. टाळ्या."

आणि टाळ्या वाजल्या हो. सवयीने वाजल्या, पण वाजल्या. सुमन तशीच उभी. तिने विचारलं, "सर, मी काय बोलले ते कळलं का तुम्हाला?"

"कळलं ना, बरोबर आहे. नेक्स्ट."

ती पिशवी उचलून निघाली. मीही तिच्यामागे जिना उतरले. वाटलं, आता रडेल, पण तिचा चेहरा मोकळा झाल्यासारखा दिसत होता.

"इतक्या लोकांत पहिल्यांदाच सांगितलं गं," ती म्हणाली. "मराठीत तोंडातून निघतच नव्हतं."

टेलिफोनची जागा दुसऱ्याच कुणाला मिळाली. पण त्याच आठवड्यात सुमन सायखेड्याला भावाकडे गेली आणि पुन्हा नवऱ्याच्या दारात गेली नाही.

काही वर्षांनी सर वारले. शोकसभेचा निरोप आला होता, मी गेले नाही. त्यांचं नाव निघालं की अजून घशाशी आंबट येतं. आणि सगळ्यात जास्त चीड येते ती याची, की सुमनला ते वाक्य बोलायला शिकवलं ते याच माणसाने.